निसर्गोपचाराचा डॉक्टर व्हायचे तर : वाचकांचे प्रश्न

बारावीचे आणि नीटचे निकाल लागले की लातूर, नांदेड, संभाजीनगरकडून येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळी बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार व योगशास्त्राची पदवी, या विषयावर पालकांनी विचारले आहे. ही पदवी शिकत असलेल्या मुलामुलींनीही प्रात्यक्षिकातल्या अडचणी कळवल्या आहेत. दोन्हींची उत्तरे एकत्र देत आहोत. प्रवेश घेणाऱ्याला पुढे नेमके काय शिकावे लागणार हे आधीच दिसलेले बरे.

प्रश्न : लेकीला बारावीला जीवशास्त्र गटात चांगले गुण आहेत, पण नीटच्या गुणांवर एमबीबीएस काय, बीएएमएसही मिळेल असे वाटत नाही. पाहुणे म्हणतात, बीएनवायएस करून टाका, तोही डॉक्टरच असतो. घरचे पैसे घालायचे तर हे खरे आहे का?
— एक पालक, अहमदपूर

उत्तर : अभ्यासक्रम खरा आणि पूर्ण वेळचा आहे. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, अशी साडेपाच वर्षे जातात. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय असतात. इतर वैद्यकीय शाखांप्रमाणे मृतदेहाचे विच्छेदनही करावे लागते. पुढे विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, सामाजिक आरोग्य, औषधशास्त्राची तोंडओळख येते. त्यानंतर जलचिकित्सा, मसाज, उपवास व आहार, योगचिकित्सा, अॅक्युपंक्चर आणि फिजिओथेरपी. स्त्रीरोग, न्यायवैद्यक आणि प्रथमोपचारही असतात. म्हणजे ‘माती लावायची आणि रस पाजायचा’ एवढ्यावर साडेपाच वर्षे निघतील, अशा समजुतीने कुणी येऊ नये.

खरी अडचण नोंदणीची आहे. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) या पद्धतींसाठी २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग झाला. होमिओपॅथीला तिचा वेगळा आयोग मिळाला. निसर्गोपचार या दोन्हींत नाही. त्यामुळे देशभर चालेल अशी एक केंद्रीय नोंदवही या पदवीला नाही, कारभार राज्याराज्यांच्या कायद्यांवर चालतो. कर्नाटकात आयुर्वेद, निसर्गोपचार, सिद्ध, युनानी व योग व्यावसायिकांच्या नोंदणीचा १९६१ चा कायदा आहे, म्हणून तिथल्या पदवीधराची वाट सरळ असते. मुलगी शिकून मराठवाड्यातच दवाखाना टाकणार असेल, तर ‘माझी नोंदणी कुठे होईल आणि ती महाराष्ट्रात कशी धरली जाईल’ हा प्रश्न पहिल्या वर्षाची फी भरायच्या आधी विचारायचा आहे. तो कॉलेजच्या प्रवेश विभागाला विचारू नका. त्याच कॉलेजातून तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला गाठा आणि त्याचे नोंदणीपत्र डोळ्यांनी पाहा.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा पदवी कोणते विद्यापीठ देते हे कागदावर बघा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ असले पाहिजे. त्या वर्षाची मान्यता आणि मंजूर जागांचे पत्र मागा. मग सकाळी दहाच्या सुमारास, कुणाला न सांगता, उपचार विभागात जा. कटिस्नानाच्या, म्हणजे कंबरेपर्यंत पाण्यात बसवायच्या उपचाराच्या, टबांचे तळ बघा. ते कोरडे आणि धूळ बसलेले असतील तर तिथे रुग्ण येत नाहीत, आणि रुग्ण नसलेल्या ठिकाणी जलचिकित्सा शिकवता येत नाही. माहितीपुस्तकातल्या फोटोंपेक्षा ही दहा मिनिटे जास्त सांगून जातील.

जुन्या आणि नावाजलेल्या ठिकाणांत हैदराबादचे गांधी निसर्गोपचार महाविद्यालय (१९७०) आहे. दक्षिण कन्नड जिल्ह्यात धर्मस्थळाजवळ उजिरे येथे १९८९ पासून कॉलेज आहे. म्हैसूर आणि चेन्नईला सरकारी महाविद्यालये आहेत. नांदेडकरांना हैदराबाद सर्वांत जवळ.

‘करून टाका’ या शब्दांबद्दल एक सांगणे आहे. ज्या मुलीला इंजेक्शन द्यायचे आहे, औषध लिहायचे आहे, तिला या पदवीत दर वर्षी आपण चुकीच्या जागी आलो असे वाटत राहील. जिला माणसाचे खाणे, झोप, बसणे-उठणे बदलून बरे करण्यात मन लागते, तिच्यासाठी हा अभ्यासक्रम आहे. नीटच्या गुणांकडे बघायच्या आधी मुलीलाच हे विचारा.

प्रश्न : कर्नाटकात प्रवेश कसा होतो? आमच्याकडे जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर दोन्ही आहेत.
— एक विद्यार्थी, देगलूर

उत्तर : कर्नाटकात निसर्गोपचार व योग या शाखेची गुणवत्ता यादी तिथल्या राज्य सीईटीतून लागते. मात्र सरकारी कोट्यासाठी कर्नाटकात ठरावीक वर्षे शिकलेले असावे लागते. महाराष्ट्रातला विद्यार्थी बहुधा खासगी कॉलेजच्या व्यवस्थापन कोट्यात जातो. महाराष्ट्राच्या दाखल्यांवर तिथले आरक्षण मिळत नाही. शिष्यवृत्ती मात्र राहत्या राज्याकडून येते, म्हणून प्रवेशाआधी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात, कॉलेजचे आणि कोट्याचे नाव घालून, लेखी विचारा. व्यवस्थापन कोट्यावर तिथे गाडी अडते, आणि प्रवेशानंतर ते कळले तर उपाय उरत नाही.

फीबद्दल एक बारीक गोष्ट पालकांच्या नजरेतून सुटते. शिक्षण साडेचार वर्षांचे असताना पाचव्या वर्षाची फी अर्धी घेणार की पूर्ण, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. इंटर्नशिपचे वसतिगृह, परीक्षा शुल्क आणि जेवण यांचेही तसेच. मूळ गुणपत्रिका पडताळून परत घ्या. संस्थांनी मूळ कागद ठेवून घेऊ नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये बजावले आहे.

आणि भाषा. वर्गात इंग्रजी चालते, पण ओपीडीत रुग्ण कन्नडच बोलतो. ‘एल्लि नोवु’ म्हणजे कुठे दुखते, ‘एष्टु दिनदिंद’ म्हणजे किती दिवसांपासून. अशी चाळीस-पन्नास वाक्ये पहिल्या सुट्टीतच पाठ केली तर तिसऱ्या वर्षी रुग्णाचा इतिहास तुम्ही स्वतः घ्याल, मित्राच्या तोंडाकडे बघत बसणार नाही. देगलूर-उदगीरच्या मुलांच्या कानावर ही भाषा लहानपणापासून असते, त्याचा फायदा घ्या.

प्रश्न : एका वर्षात, घरी बसून, निसर्गोपचाराची पदविका मिळते आणि नावापुढे ‘डॉ.’ लावता येते अशी जाहिरात पाहिली. घ्यावी का?
— एक वाचक, माजलगाव

उत्तर : नको. दूरशिक्षणाने वैद्यकीय पदवी देण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे, आणि अशा पदविकेवर वैद्यकीय नोंदणी होत नाही. वर्षभरात काम हाती यावे अशी गरज असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेचा उपचार सहायकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पाहा. पुण्यात ताडीवाला रस्त्यावर, जिथे दिनशा मेहतांच्या चिकित्सालयात गांधीजी उतरत, त्याच बापू भवनात ही संस्था १९८६ पासून आहे. तिथे मसाज, पट्ट्या, टब आणि वाफ हाताने शिकवतात. उपचार सहायक म्हणून प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला निसर्गोपचार केंद्रांत मागणी असते. फक्त त्याने स्वतःला डॉक्टर म्हणवू नये.

प्रश्न : लातूरला दोन वर्षे क्लास करून आले, पाठांतर पक्के होते. तरी पहिल्या वर्षाच्या अंतर्गत परीक्षेत शरीररचनेत नापास झाले. कारण कळत नाही.
— प्रथम वर्ष, मूळ गाव औसा

उत्तर : लातूर पॅटर्नने तुम्हाला चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखायला शिकवले. इथे कोऱ्या कागदावर उत्तर उभे करायचे आहे. दोन्ही कौशल्ये वेगळी आहेत. हुशारी कमी पडली असे अजिबात समजू नका.

खांद्याजवळच्या मज्जातंतूंचे जाळे, ज्याला ब्रेकिअल प्लेक्सस म्हणतात, ते घ्या. पर्याय दिले तर सी-५ ते टी-१, म्हणजे ते मानेतल्या आणि पाठीतल्या कोणत्या मज्जामुळांपासून निघते, हे तुम्ही झटकन ओळखाल. दीर्घोत्तरी प्रश्नात मात्र मुळे, खोडे, विभाग, दोर आणि शाखा या क्रमाने आकृती काढायची, प्रत्येक शाखा कोणत्या स्नायूला जाते ते लिहायचे आणि शेवटी इजा झाल्यावर हात कसा दिसतो ते सांगायचे. यातला शेवटचा भाग बहुतेक जण सोडतात, आणि परीक्षक गुण तिथेच कापतो.

रोज संध्याकाळी एक आकृती, पुस्तक मिटून, पाच मिनिटांत काढा. चुकली तर लाल पेनाने दुरुस्त करा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा काढा. विच्छेदनाच्या टेबलावर मागे उभे राहू नका. स्वतः कापून वेगळी केलेली नस तोंडी परीक्षेत आठवते, दुसऱ्याने दाखवलेली आठवत नाही. कर्नाटकातल्या आरोग्य विद्यापीठात लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे ५० टक्के लागतात, त्यामुळे एकाची तूट दुसऱ्यातून भरून निघत नाही. तोंडी परीक्षेसाठी दोघींनी एकमेकींना मोठ्याने प्रश्न विचारण्याची सवय लावा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना उत्तर येत असते, इंग्रजीत तोंड उघडत नाही, आणि परीक्षकाला वाटते की येतच नाही.

प्रश्न : उन्हाळी सुट्टीत घरी वडिलांना थंड कटिस्नान दिले. कॉलेजात सांगितले तशी नंतरची उबदार प्रतिक्रिया आलीच नाही. उलट उठताना त्यांना गरगरले. काय चुकले?
— तृतीय वर्ष, नांदेड

उत्तर : बहुतेक पाणीच थंड नव्हते. तुम्ही पाण्याचे तापमान लिहिलेले नाही, म्हणजे मोजलेले नसावे. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी ४० अंशांपर्यंत जाते. ३३ ते ३६ अंश हे शरीराला ना थंड ना गरम वाटणारे तापमान आहे. त्याच्या वरच्या पाण्यात बसवले म्हणजे तुम्ही गरम कटिस्नान दिले. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या, रक्तदाब उतरला आणि वडील उभे राहताच गरगरले. थंड कटिस्नानात याच्या उलट व्हायला हवे. आधी वाहिन्या आक्रसतात, बाहेर आल्यावर पुन्हा उघडतात आणि कातडी लालसर, उबदार होते. यालाच प्रतिक्रिया म्हणतात.

पुस्तकात थंड कटिस्नानाला १० ते १८ अंश दिलेले असतात. आता हिशेब करू. टबात एकूण ३० लिटर लागतात असे धरा. ४० अंशांचे टाकीचे पाणी १८ वर आणायला त्यात साडेपाच किलो बर्फ जातो. तेच पाणी आदल्या रात्री रांजणात भरले आणि सकाळी २६ अंशांवर मिळाले, तर सव्वादोन किलो बर्फात काम होते. रांजण गार करतो तो बाहेरून पाणी झिरपून सुकते म्हणून. हवा कोरडी असेल तोवर ही युक्ती उत्तम चालते. जुलैच्या दमट दिवसांत किंवा जुना, छिद्रे बुजलेला रांजण असेल तर पाणी फारसे उतरत नाही. बर्फ पूर्ण विरघळू द्या, हाताने ढवळा, मगच टबाच्या मध्यात, तळाला न टेकवता, थर्मामीटर धरा. वर तरंगणाऱ्या बर्फाजवळचे माप फसवते.

बसण्याची रीतही तपासा. माणूस बसल्यावर पाणी बेंबीपर्यंत यावे, म्हणून टब आधी काठोकाठ भरायचा नाही. पाय टबाबाहेर, पाटावर, कोरडे. छाती आणि खांदे झाकलेले. खरबरीत फडक्याने बेंबीपासून खाली आणि दोन्ही बाजूंना पोट चोळत राहायचे. नुसते बसून राहिले की अंग गारठते आणि प्रतिक्रिया येत नाही. दहा मिनिटांनी सुरुवात करा, वीसच्या पुढे नको. जेवणानंतर तीन तास गेलेले असावेत. बाहेर आल्यावर पुसून लगेच दहा-पंधरा मिनिटे भरभर चालायचे. म्हाताऱ्या किंवा अशक्त माणसाला पहिल्या दिवशी २४ अंशांनी सुरू करून रोज थोडे उतरा. हुडहुडी भरलेला ताप, मासिक पाळी, सायटिकेची ताजी कळ, ओटीपोटातली ताजी सूज आणि गंभीर हृदयविकार असताना हे देत नाहीत. वडील रक्तदाबाची गोळी घेतात का, हेही तुम्ही लिहिलेले नाही. घेत असतील तर आधी आणि नंतर रक्तदाब मोजल्याशिवाय टबाजवळ नेऊ नका.

पाण्याचाही विचार करावा लागतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टँकरच्या दिवसांत टबाचा हट्ट धरू नये. पोटाची ओली पट्टी एका लिटरात होते. सुती पट्टी थंड पाण्यात भिजवून घट्ट पिळायची, पोटाभोवती गुंडाळायची, वरून कोरडी लोकरीची पट्टी अशी बांधायची की ओली कड कुठेही उघडी राहणार नाही. तासाभरात पट्टी अंगाच्या उबेने गरम होते. नाही झाली तर पाणी नीट पिळलेले नव्हते किंवा कडेने वारा लागला. टबाचे वापरलेले पाणी दुसऱ्या रुग्णाला चालत नाही, पण झाडांना चालते.

प्रश्न : आमच्या वावरातली काळी माती मातीपट्टीला चालेल का?
— द्वितीय वर्ष, मानवत

उत्तर : काळी माती चांगली, पण वावरातली घेऊ नका. काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या बारीक पापुद्र्यांत पाणी शिरते, ती फुगते आणि पाणी धरून ठेवते. म्हणून पट्टी उशिरापर्यंत गार राहते. याच गुणामुळे उन्हाळ्यात तुमच्या वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अडचण अशी की कापूस-सोयाबीनच्या रानात वर्षानुवर्षे फवारणी झालेली असते, आणि शेणखतातून धनुर्वाताचे जिवाणू येतात. त्यांचे बीजाणू उन्हात मरत नाहीत. कधीही न कसलेली, गोठ्यापासून आणि नाल्यापासून लांबची जागा शोधा. तीन-चार फूट खणून खालची माती काढा. मुळ्या, खडे वेचा, कडक उन्हात वाळवा, कुटून बारीक चाळणीने चाळा. आदल्या रात्री पाण्यात भिजवा. हाताने न कालवता लाकडी उलथन्याने कालवा.

पोटाची पट्टी साधारण नऊ इंच लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड. एवढ्याला ओली माती दीड किलोच्या आसपास लागते. मलमलच्या फडक्यात पसरून बेंबीखाली ठेवतात, रिकाम्या पोटी, २० ते ३० मिनिटे. पाणी ओघळत असेल तर माती पातळ झाली. कडा सुकून कातडी ओढली जात असेल तर माती फार चिकट आहे, तिच्यात थोडी धुतलेली बारीक वाळू मिसळा. थंडीत वरून चादर घाला. जखम, फोड, ताजा टाका असेल तिथे माती लावायची नाही. वापरलेली माती दुसऱ्या रुग्णाला नाही. आणि रोज मातीत हात घालणाऱ्या विद्यार्थ्याचे धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर झालेले असावे.

प्रश्न : इंटर्नशिप चालू आहे. मधुमेहाचे रुग्ण दाखल होतात आणि पहिल्याच दिवशी ‘गोळ्या बंद करा, रसावर ठेवा’ म्हणतात. किती दिवस ठेवावे?
— इंटर्न, मूळ गाव जालना

उत्तर : ‘किती दिवस’ हा नंतरचा प्रश्न. आधी ‘कोणती गोळी’ हे बघा. रुग्णाची चिठ्ठी हातात घेऊन एकेक नाव वाचा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका कमी असतो. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतच राहते, पोटात अन्न असो वा नसो. रुग्ण घामाघूम होतो, थरथरतो, बरळतो. साखर ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात देऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. तिथे मातीपट्टी शोधत बसायचे नाही.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर उपवास सर्वांत फसवा. त्या लघवीतून साखर काढतात. खाणे थांबले की रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी द्रव्ये) साचून आम्लता वाढते, आणि त्या वेळी ग्लुकोमीटर साखर जवळपास ठीक दाखवत असतो. मळमळ, उलटी, पोटदुखी, खोल आणि भरभर श्वास दिसला की ‘उपवासातली शुद्धी चालू आहे’ म्हणून रुग्णाची समजूत काढू नका. कीटोन तपासा आणि रुग्णालयात पाठवा. इन्सुलिनवर जगणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेह्याला उपवास द्यायचाच नाही. त्याचे इन्सुलिन बंद करणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे. कोणतीही गोळी कमी करायची की थांबवायची, हे ज्या डॉक्टरने ती लिहिली तोच ठरवील. तुमचे काम त्याला फोन करून आहाराचा बेत सांगण्याचे आहे.

मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाला शहाळ्याचे पाणी हा लाडका उपचार नडतो. एका ग्लासात सुमारे अर्धा ग्रॅम पोटॅशियम असते. ते बाहेर पडले नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून रसाहाराआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमचा अहवाल पाहिजेच. दुधीचा रस काढण्याआधी प्रत्येक दुधीचा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर थुंकायचा आणि तो दुधी टाकून द्यायचा. त्यातल्या विषाने रक्ताच्या उलट्या होतात आणि रक्तदाब कोसळतो.

आणखी एक गट आहे, जो आपल्या भागात फार दिसतो. ऊसतोडीहून परतलेल्या, रक्त कमी असलेल्या, वाळलेल्या बाया. क्षयाचे रुग्णही यातच धरा. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक १८.५ च्या खाली असेल तर उपवास नाही. त्यांना भाकरी, डाळ, शेंगदाणे, पालेभाजी, जमेल तर अंडे आणि दूध हवे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट जेवू घातले तर रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरते. त्यातून श्वास आणि हृदय दोन्ही अडचणीत येतात. तिथे पुन्हा जेवू घालणे हाच उपचार असतो, आणि तो थोड्या घासांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचा.

प्रश्न : आमच्या छोट्या केंद्रात वाफपेटीचा बॉयलर दर दोन महिन्यांनी बिघडतो.
— एक चालक, धाराशिव

उत्तर : बोअरचे जड पाणी. कॉइलवर पांढरा थर बसतो, उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉइल जळते. आरओचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी वापरा. दर पंधरा दिवसांनी, वीज काढून, बॉयलर थंड झाल्यावर, लिंबूसत्व घातलेले पाणी तासभर ठेवून धुवा. रुग्णाला आधी एक ग्लास पाणी, डोक्यावर ओले फडके, १० ते १५ मिनिटे पुरे. दार आतून उघडता आले पाहिजे.

प्रश्न : बीएनवायएस झाल्यावर अमेरिकेत व्यवसाय करता येतो का?
— एक पालक, परभणी

उत्तर : थेट नाही. तिथला ‘एनडी’, म्हणजे निसर्गोपचाराचा डॉक्टर, हा पदवीनंतरचा चार वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, मान्यताप्राप्त कॉलेजातून करावा लागतो आणि दोन टप्प्यांची परवाना परीक्षा असते. परवानाही सगळी राज्ये देत नाहीत. ऑरेगॉन, वॉशिंग्टन यांसारख्या राज्यांत अशा डॉक्टरांना औषधे लिहिण्याचा अधिकार आहे. त्या अधिकारांची भारतातल्या पदवीशी तुलना करणारा एजंट भेटला तर पैसे देऊ नका. भारतातच पुढे शिकायचे तर कर्नाटक आणि तामिळनाडूत निसर्गोपचार व योगात तीन वर्षांची एमडी आहे. आयुर्वेद-होमिओपॅथीची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा तिला लागू नाही.

प्रश्न : पदवी घेऊन गावी आलो आहे. लोक म्हणतात सलाईनही लावा, तापाची गोळीही द्या, नाहीतर दवाखाना चालणार नाही. फलकावर काय लिहावे?
— एक पदवीधर, वसमत

उत्तर : सलाईन लावू नका. १९९६ मध्ये पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. एका पद्धतीची पदवी असलेल्या डॉक्टरने दुसऱ्या पद्धतीची औषधे दिली, रुग्ण दगावला, आणि तेवढ्यावरच न्यायालयाने त्याचा निष्काळजीपणा धरला. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करण्यास १९६१ च्या कायद्याचे ३३ वे कलम मनाई करते, म्हणून आपले नोंदणीपत्र चौकटीत लावून भिंतीवर ठेवा. फलकावर नाव, पदवी पूर्ण शब्दांत आणि नोंदणी क्रमांक एवढेच. ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘कर्करोगावर खात्रीशीर इलाज’ असे काही लिहायचे नाही. जाहिरातींबाबतचा १९५४ चा कायदा यासाठीच आहे.

दवाखाना चालेल की नाही ही भीती खरी आहे, ती आम्ही हलकी मानत नाही. गावाजवळच्या एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरशी आधी बोलून ठेवा. गुडघेदुखी, जुनाट बद्धकोष्ठ, वाढलेले वजन, झोप न येणे, बाळंतपणानंतरची पाठदुखी असे रुग्ण त्यांच्याकडे रोज येतात आणि या रुग्णांना वेळ देणे डॉक्टरांना जमत नाही. हे रुग्ण तुमच्याकडे पाठवायला ते तयार होतील, पण एका अटीवर. छातीत दुखणे, एका बाजूची ताकद जाणे, निदान न झालेली पोटदुखी आणि शौचातून रक्त, असे काही दिसले तर तुम्ही त्याच तासाला रुग्ण परत पाठवता, याची त्यांना खात्री पटली पाहिजे. निदान न झालेल्या पोटदुखीत एनिमा देऊ नका. अपेंडिक्स असेल तर फुटू शकते.

आणि प्रत्येक रुग्णाचा कागद ठेवा. आजाराचा इतिहास, चालू औषधे मात्रेसह आणि कोणी लिहिली, उपचाराआधी आणि नंतरची नाडी व रक्तदाब, पाण्याचे तापमान अंशांत, वेळ मिनिटांत, काय खायला सांगितले, आणि मराठीत लिहिलेल्या संमतीवर रुग्णाची सही. सही येत नसेल तर अंगठा आणि शेजारी साक्षीदाराचे नाव.